एका वर्षासाठी म्हणून, भावजी

भावजी, आपलं भांडण अर्धवट राहिलं. रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर चपला सरकवता सरकवता तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही अडकवलंत, तुम्हीच सोडवा आता." मी गुलाबाच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हटलं, हा फेब्रुवारीचा सीझन होऊन जाऊ दे, मग बघू. मंगळवारी पहाटे पाण्याच्या पाळीला निघायचं म्हणून तुम्ही बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात आणि तसेच बसून राहिलात. तुमची शोभा चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही गेलेले होतात. सीझन चांगला झाला. फुलांना भाव बरा मिळाला. आता मोकळा वेळ आहे आणि "मग बघू" म्हणायला समोर तुम्ही नाही.

लोक तुमच्याबद्दल खूप छान छान बोलतायत. सुभेदार म्हणजे शिस्त, सुभेदार म्हणजे देवमाणूस. तुम्हाला ऐकवलं नसतं. कोणी तोंडावर स्तुती केली की कानाची पाळी चोळत इकडेतिकडे बघायची तुमची सवय मला माहीत आहे. मी आज स्तुती करणार नाही. मला तुमच्याशी जे बोलायचं होतं आणि मी दर वेळी टाळलं, तेवढंच बोलते.

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकते. चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवतो ना? आपल्या पाणी मंडळाची अकरा जणांची कमिटी होती आणि अकरा जणांची अकरा तोंडं. नदीवरून पाइपलाइननं पाणी यायचं ते वरच्या मळ्यांतच जिरायचं आणि लाइनीच्या टोकाला, माझ्या शेपटाच्या मळ्यात नळी नुसती फुसफुसायची. त्यात एका सकाळी व्हॉल्व्हवर दोघांनी एकमेकांवर फावडी उगारली. समाजमंदिरात तातडीची सभा भरली, आणि मी पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, पुरे झाली ही कमिटी. निवडून निवडून आपण भांडखोरच निवडतो. एका वर्षासाठी सगळा कारभार एका माणसाच्या हातात द्या. आपल्या घरात सुभेदार आहे, अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढून आलेला. त्याच्या हुकमावर चालू या.

टाळ्या पडल्या. तुम्ही मागे भिंतीला टेकून बसला होतात. उठून एवढंच म्हणालात, "एक वर्ष. तसं लिहून घ्या." मंडळाचं ठराव बुक माझ्याकडेच असायचं, म्हणून मीच लिहिलं. 'एका वर्षासाठी.' अक्षर सुंदर आलं होतं, मला आठवतंय.

आणि अहो, चाललं ना! चाललं म्हणजे काय, दृष्ट लागावी असं चाललं. फळ्यावर यादी लागली. घड्याळ लावून व्हॉल्व्ह उघडायचा, घड्याळ लावून बंद व्हायचा. पाच मिनिटं उशीर झाला की पाळी गेली, मग तो सख्खा भाऊ असो की वामनराव. वामनराव म्हणजे जुन्या कमिटीचे अध्यक्ष, भांडणं मिटवता मिटवता ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या ते. त्यांच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. आणि माझ्या शेपटाच्या मळ्यात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा नळीला भरून धार लागली. मी त्या धारेखाली हात धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. तुमचे भाऊ गेल्यावर सहा महिने मी तो मळा नुसता जगवत होते. तेव्हा रोज सकाळी छाटणीची कात्री घेऊन येणारे तुम्हीच होतात. न बोलता चार ओळी छाटायच्या, ओट्यावर उभ्याउभ्याच भाकरी-ठेचा खायचा आणि चालते व्हायचं. त्या सहा महिन्यांचे आभारही मानायचे राहून गेले. आपल्यात कोण आभार मानतं म्हणा.

वर्ष संपलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. म्हणालात, वहिनी, निवडणुकीची तारीख टाका. मी म्हटलं, भर उन्हाळ्यात? पाऊस पडू दे. पावसाळ्यात म्हटलं, लावण्या चालल्यात. दसरा-दिवाळीत झेंडू. मग लग्नसराई. मग रिंग रोडची मोजणी. कारणं मीच शोधत होते, भावजी, आणि सभेत सगळ्यांना पटवूनही मीच देत होते. मला बोलता येतं, हा माझा मोठा रोग. दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही यायचात, "वहिनी, तारीख?" एवढंच विचारायचात आणि मी चहा टाकायचे.

बाहेर तर सगळीकडे तेच वारं होतं. महापालिकेची मुदत संपून गेलेली, नगरसेवक कोणी नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. पंचवटीत फुलं देऊन झाल्यावर आपण चहाला थांबायचो तिथं रोज हाच विषय. कोणी म्हणायचं, बरं झालं, निवडणूक नाही तर कटकट नाही. कोणी म्हणायचं, अहो, गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला? मग एखादा आवाज चढवून म्हणायचा की पाच वर्षं देश मिलिटरीच्या हातात द्या, मग बघा सगळे कसे सरळ येतात. आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळायच्या. तुम्ही बशीत चहा ओतून त्याच्याकडेच बघत बसायचात. मी मात्र मोठ्या अभिमानानं सांगायचे, आमच्याकडे बघा, आम्ही दिलाय कारभार मिलिटरीच्या हातात.

त्या वर्षी गणपतीत तिथल्याच गणेश मंडळानं परिसंवाद ठेवला, 'निवडणूक हवी की शिस्त?' मी शिस्तीच्या बाजूनं आणि तुम्ही निवडणुकीच्या. लोकांना आधी वाटलं की नावं उलटी छापली गेली. मी वीस मिनिटं बोलले. हशा काय, टाळ्या काय! तुम्ही वहीचा कागद घेऊन उभे राहिलात आणि दुसऱ्याच ओळीला अडकलात. मग कागद खिशात घातलात. तुम्ही जे बोललात ते मला आज शब्द न शब्द पाठ आहे. तेव्हा मी शेजारी बसून तुमची कीव करत होते.

"मी फौजेत हुकूम दिले, कारण माझ्या वर हुकूम देणारे होते. मी चुकलो तर मला उभं करून विचारणारे होते. इथं माझ्या वर कोण आहे, ते सांगा."

मागून कोणीतरी ओरडलं, देव आहे की! मंडप हसला. तुम्हीही कसनुसे हसलात आणि खाली उतरलात. परत येताना माझ्या स्कूटीवर मागे बसला होतात, हेल्मेट मांडीवर धरून. मी जिंकल्याच्या तोऱ्यात गाडी चालवत होते. मखमलाबाद नाका आला तेव्हा तुम्ही पुढे वाकलात. मग म्हणालात, चांगलं बोललात, वहिनी. मला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

कोंडाजीचं झालं ते त्यानंतर. कोंडाजी सुरगाण्याकडचा, वामनरावांच्या शेजारचं एकरभर रान वाट्यानं करतो. त्यानं टोमॅटोची रोपं नुकतीच लावली होती. एका सकाळी त्याला चाळीस मिनिटं उशीर झाला आणि नियमाप्रमाणे तुम्ही त्याची पाळी पुढच्याला दिलीत. पुढची पाळी चार दिवसांनी. ऊन असं होतं की तोवर निम्मी रोपं माना टाकून गेली. तीन आठवड्यांनी शोभाकडून तुम्हाला कळलं की त्या दिवशी त्याची बायको सिव्हिलमध्ये होती, बाळ पोटातच गेलं होतं, आणि तो तिथून थेट पायी व्हॉल्व्हवर आला होता. तुम्हाला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. फळ्यापाशी उभा राहिला, घड्याळ बघितलं आणि निघून गेला.

तुम्ही त्याच्या झोपडीवर माफी मागायला गेलात. त्यानं तुम्हाला एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसला. तुम्ही म्हणालात, माझं चुकलं. तो म्हणाला, "नाय साहेब, नियम हाय ना. तुमचं काय चुकणार?" तुम्ही तिथून उठून सरळ माझ्याकडे आलात. तुमचा चेहरा असा पडलेला मी तुमच्या भावाच्या वेळीही बघितला नव्हता. म्हणालात, वहिनी, जुनी कमिटी असती तर ह्या माणसानं अध्यक्षाच्या दारात बसून अख्खी वस्ती डोक्यावर घेतली असती. त्यानं मला शिव्या घालायला पाहिजे होत्या. त्याला शिव्या घालाव्याशासुद्धा वाटल्या नाहीत.

मी काय म्हटलं? म्हटलं, एक चूक झाली म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नका, बाकी सगळे खूश आहेत. तुम्ही म्हणालात, सगळे खूश आहेत हे मला कोण सांगतंय, वहिनी? ज्याची धार चालू आहे तोच सांगतोय ना?

तेव्हा माझी नळी मागे चालूच होती. आवाज येत होता. तुम्ही तिकडे बघितलंसुद्धा नाहीत, पण मला जे समजायचं ते समजलं आणि मी विषय बदलला.

महापालिकेची निवडणूक शेवटी झाली. तुम्ही लग्नाला जावं तसे इस्त्रीचे कपडे घालून मतदानाला गेलात आणि परत येताना माझ्या दारात थांबून शाईचं बोट दाखवलंत. म्हणालात, बघा, त्यांचीसुद्धा झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर स्वतःच्या अक्षरात हुकूम लिहिलात की मंडळाची निवडणूक पंधरा दिवसांत होईल, अर्ज समाजमंदिराच्या पेटीत टाकावेत. चार वर्षांत लोकांनी तुमचा प्रत्येक हुकूम मानला होता. हा एकच मानला नाही. पेटी उघडली तर एकही अर्ज नाही. वामनराव हसत हसत म्हणाले, घ्या, सुभेदार बिनविरोध! सगळे हसले. तुम्ही ती रिकामी पेटी काखेत धरून घरी निघालात. ती समाजमंदिराची होती हे सांगायचं कोणाला धाडस झालं नाही.

म्हणून तुम्ही त्या रविवारी आला होतात. तुम्ही विचारलंत, वहिनी, बाकीच्यांचं सोडा, तुम्ही अर्ज का नाही भरलात? तुम्ही भरला असता तर मागे चार जणांनी भरला असता. मी म्हटलं, मला बाईमाणसाला हे कुठं जमायचं. भावजी, मी! भर मांडवात वीस मिनिटं बोलणारी मी! तुम्ही माझ्याकडे बघितलंत. राग नव्हता हो त्या बघण्यात. तुम्हाला उत्तर माहीत होतं आणि ते मी माझ्या तोंडानं बोलावं, एवढीच तुमची इच्छा होती.

तर आता बोलते. कमिटी आली असती तर वरचे मळे पुन्हा वरचढ झाले असते आणि माझी नळी पुन्हा फुसफुसली असती. शिस्त, हुकूम, मिलिटरी, हे सगळं मी मंडपात जे बोलले ते माझ्या दीड एकर गुलाबाचं बोलणं होतं. त्या धारेसाठी मी तुम्हाला चार वर्षं कोंडून ठेवलं. तुम्ही निवृत्त होऊन आलात तेव्हा शोभाला म्हणाला होतात की आता कोणाला हुकूम द्यायचा नाही, घ्यायचा नाही, नुसती मेथी लावायची. मेथी लावायला तुम्हाला एक सकाळ मोकळी मिळू दिली नाही मी. मला माफ करा असं लिहिणार होते. पण तुम्ही लगेच "जाऊ द्या, वहिनी" म्हणाला असतात, आणि तसलं माफ करणं मला नको आहे.

रामकुंडावर दशक्रियेला कावळा पटकन शिवला. पिंड ठेवला न ठेवला तोच आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला की सुभेदारांची काही इच्छा मागे राहिली नाही. मी शोभाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्यांना सवयच होती ना, कुणाला ताटकळत ठेवायचं नाही." मग मात्र मला हुंदका आवरला नाही.

शोकसभा काल झाली. समाजमंदिरात तुमचा युनिफॉर्ममधला फोटो, त्याला माझ्याच मळ्यातल्या गुलाबाचा हार. मला अध्यक्षस्थानी बसवलं. एरवी ठराव मी लिहिते, कालचा वामनरावांनी लिहून आणला होता. म्हणाले, तुम्ही घरच्या, तुम्हाला त्रास कशाला. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. दुखवट्याच्या ठरावावर हात वर करायचे नसतात. सगळ्यांनी उभं राहायचं, ठराव वाचायचा, लगेच दोन मिनिटं शांतता, की झाला मंजूर. सगळे उभे राहिले. वामनराव वाचू लागले. सुभेदारांच्या निधनानं मंडळाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. इथवर ठीक होतं. मग त्याच सुरात, श्वाससुद्धा न घेता, पुढचं आलं. त्यांच्या स्मृतीस आदरांजली म्हणून मंडळाची निवडणूक एका वर्षासाठी पुढे ढकलण्यात यावी आणि तोवर सुभेदारांच्याच पद्धतीनं सर्व कारभार वहिनींनी पाहावा. शांतता पाळू या.

आणि शांतता सुरू झाली.

भावजी, ती दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. माना खाली, हात जोडलेले. तोंड उघडायचं तर मयताच्या शांततेत उघडावं लागणार होतं. मनात शंभरदा म्हटलं, बोल, आत्ता बोल. आणि खोटं कशाला लिहू, त्या शंभरांत एकदा असंही वाटलं की चला, पाणी तरी राहील. तेवढ्यात वामनरावांनी ओम शांती म्हटलं आणि लोक बसले.

नंतर मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, हा काय ठराव झाला? लोक सुभेदारांसाठी उभे होते. तर म्हणाले, उभे होते ना? मग मंजूर. मी म्हटलं, ज्या माणसानं चार वर्षं निवडणूक मागितली, त्याच्याच नावानं निवडणूक पुढे ढकलता? वामनराव वाईट माणूस नाही हो, तुम्हालाही माहीत आहे. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वहिनी, तशी इच्छा मागे राहिली असती तर कावळा इतक्या पटकन शिवला असता का?"

ठराव रद्द करायचा तर दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक अनुमोदकाची. संध्याकाळी तीन घरं फिरले. तिन्ही घरी चहा झाला. तिन्ही घरी तुमच्या आठवणी निघाल्या, खऱ्या प्रेमानं निघाल्या. कागद पुढे केला की तिन्ही घरी एकच उत्तर. मयताच्या नावाचा ठराव कसा मोडायचा, वहिनी? आणि तुम्ही आहात ना आता. शोभानं सही केली असती, पण सभासद तुम्ही होतात, ती नाही. नाव वर्ग होईल ते नव्या कमिटीच्या सहीनं, आणि कमिटी तर एक वर्ष येणार नाही. मी जिथं हात लावते तिथं दार बंद आहे आणि सगळ्या दारांना कड्या मीच घातलेल्या आहेत.

आज सकाळची पहिली पाळी कोंडाजीची होती, सहाची. वाटेत शोभापाशी थांबले आणि मला वीस मिनिटं उशीर झाला. तो बंद व्हॉल्व्हशेजारी उकिडवा बसला होता. कुलूप नव्हतं, काही नव्हतं. मी म्हटलं, अरे, उघडायचा ना. म्हणाला, तुमच्याबिगर कसा? मी म्हटलं, तुझी वीस मिनिटं माझ्यामुळं गेली, माझ्या पाळीतली घे. मान हलवून म्हणाला, राहू द्या, लय नाय लागत मला. मला इतका राग आला की मी ओरडलेच त्याच्यावर. "अरे, भांड ना माझ्याशी! तुझं पाणी आहे ते!"

तो घाबरून उभा राहिला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं, वहिनी."

मी व्हॉल्व्ह उघडला आणि तिथंच बांधावर बसून राहिले. देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू येत होता. 'वहिनी, तुम्ही चुकताय,' हे मला तोंडावर सांगणारा या सगळ्या मळ्यांत एकच माणूस होता, भावजी, आणि त्याला मी चार वर्षं चहा पाजून परत पाठवत राहिले.